‘मुकुट’ शोधणाऱ्यांसाठी

पडदा वर जातो आणि दिसतं ते एक अरुंद, लांबट दुकान. डाव्या भिंतीला फळी, फळीवर अकरा लाकडी डोकी. नाकडोळे कुणालाच नाहीत. सातांवर केस आहेत, चार बोडकी. मधोमध टेबल, टेबलावर वाकड्या मानेचा दिवा, दिव्याखाली बारावं डोकं. त्याच्यावर बारीक जाळी ताणलेली आणि त्या जाळीवर वाकलेली एक बाई. वय पंचावन्नच्या आसपास. हातात आकडीची सुई, ओठांत तीन केस धरलेले. दारावरची घंटा वाजते. ओठांतले केस न सांडता बाई म्हणते, "या, बसा."

हे दोन शब्द ध्यानात ठेवा. मला ते पुन्हा लागणार आहेत.

ही धाकटी. तिचं खरं नाव घेऊन तिला कुणी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा घरात एक सून आधीच होती. ती थोरली झाली आणि ही धाकटी. थोरलीचं टोपांचं दुकान होतं, ‘मुकुट’. नाटकातली आम्ही माणसं विगला टोप म्हणतो, आणि आमच्या काळात शहरातलं एकही नाटक ‘मुकुट’च्या टोपाशिवाय उभं राहत नसे. मी राणी झाले, भिकारीण झाले, भूत झाले, चार वेळा रंगमंचावर मेले, ते सगळं या दोन जावांनी ओवलेल्या केसांखाली. कपाळाच्या कडेला एकेक केस जाळीत ओवून त्याला गाठ मारायची असते. एका टोपाला अशा हजारो गाठी. मला टाळ्या मिळत होत्या तेव्हा त्या दोघींचे डोळे जात होते, आणि याचा विचार मी तेव्हा कधी केला नाही.

धाकटी आली तेव्हा तिला साधी वेणीसुद्धा धड घालता येत नव्हती. थोरलीनं तिला सगळं शिकवलं. केसांची मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. एक झुबका उलटा गेला तर महिन्याभरात टोपाचा गुंता होतो. गिऱ्हाईक आलं की आधी आरशावर कापड टाकायचं, मग त्याला डोक्यावरचा रुमाल सोडायला सांगायचं. आणि ‘काय पाहिजे?’ असं कधीच विचारायचं नाही. "अगं, घरी महिनाभर विचार करून पायरी चढलेली असते बिचारी," थोरली म्हणायची. "तिला काय पाहिजे ते तिच्या डोक्यावर दिसतंच आहे. आपण नुसतं म्हणायचं, या, बसा."

बावीस वर्षं दोघी एका टेबलाशी समोरासमोर बसल्या. मग एके दिवशी धाकटीनं अकरा दिवस खपून केलेला टोप थोरलीनं गिऱ्हाइकासमोर हातात घेतला, दिव्याखाली धरला, "भांग सरकलाय," म्हणाली आणि कात्रीनं पुढची ओळ उसवून टाकली. धाकटी उठली. आपली सुई पदराला खोचली आणि बाहेर पडली. दोन गल्ल्या सोडून तिनं स्वतःचं दुकान मांडलं, ‘साज’. त्यानंतर चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"भांग खरंच सरकला होता का गं?" मी एकदा विचारलं.

"दोन केस," ती म्हणाली. "पण बाई, गिऱ्हाइकासमोर?"

नाटकं तोवर कमी झाली होती. आता येणाऱ्या बायका वेगळ्या होत्या. कुणाचे केस आजारपणाच्या औषधांनी गेलेले, कुणाचे भाजल्यामुळे, कुणाचे काही कारण न सांगता. अशा बायका शेजारणीला पत्ता विचारत नाहीत. दार लावून घेतात आणि फोनवर शोधतात. आणि शोधून शोधून शोधणार काय? आईकडून, मावशीकडून ऐकलेलं असायचं ते एकच नाव. ‘साज’ नावाचं काही आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

"या महिन्याअखेरपर्यंत बघते," धाकटी मला म्हणाली. "नाहीतर कुलूप. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जाईन. पण जाऊबाईंसमोरून कुठल्या तोंडानं जाऊ? त्या एक शब्द बोलणार नाहीत. नुसत्या बघतील."

तिच्या जिवाला खरा घोर होता तो या बघण्याचा.

फोनवर शोधणाऱ्यांना वरच दिसेल अशी सर्चवरची जाहिरात द्यायची कल्पना तिच्या लेकीची. लेक परगावी नोकरीला. तिनं फोनवरून निम्मं सांगितलं, मग तिला कुणीतरी बोलावलं. "पुढचं सोपं आहे आई. ते विचारेल ते भर," म्हणून तिनं फोन ठेवला. उरलो आम्ही दोघी, एकीला जवळचं दिसत नाही, दुसरीला लांबचं.

ते विचारत गेलं, आम्ही भरत गेलो. दुकान कुठे, किती वाजता उघडतं, फोन नंबर काय. मग प्रश्न आला, लोकांनी कुठले शब्द शोधले की तुमची जाहिरात दाखवायची? आम्ही लिहिलं, विग, खऱ्या केसांचा विग, केस गळणे. त्यावर त्या पानानं स्वतःहून एक यादी पुढे केली. तुमच्या भागातले लोक हेही शोधतात. यादीत सगळ्यात वर होतं ‘मुकुट विग’, आणि त्याच्या शेजारी खूण करायला एक रिकामा चौकोन.

बाहेरून कचऱ्याची गाडी गेली. ती पार वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी त्या चौकोनाकडे बघत होतो.

"हे आपण नाही लिहिलं," धाकटी म्हणाली.

"नाही."

"त्यानंच दाखवलंय."

"त्यानंच."

"म्हणजे चालत असणार."

आणि तिनं बोट टेकवलं.

खाली आणखी एक प्रश्न होता, शोधलेले शब्द जाहिरातीच्या मथळ्यात आपोआप बसवायचे का? विग शोधला तर विग दिसेल, असं समजून आम्ही हो म्हटलं. मग मथळ्याखाली एक ओळ लिहायची होती. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, शब्द तुमचे. काहीतरी द्या ना."

किती वर्षांनी कुणी माझ्याकडे वाक्य मागितलं होतं! मी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि दिलं, "तेच हात, तोच विश्वास." धाकटी क्षणभर थांबली. मग तिनं ते लिहिलं. ही ओळ माझी आहे. इथे मुद्दाम नोंदवते, कारण याबद्दल मला आजवर कुणीच जाब विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी ‘मुकुट विग’ शोधून पाहिलं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत आलं, मुकुट विग. त्याखाली, तेच हात, तोच विश्वास. त्याखाली धाकटीचा नंबर. थोरलीचं खरं दुकान त्याच्या खाली, बारीक अक्षरांत. मला विश्वास बसेना म्हणून मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं, तर फोन थेट धाकटीला लागला.

"अहो बाई, बोट नका ठेवू! प्रत्येक बोटाचे पैसे पडतात!"

"पण काय दिसतंय ते पाहिलंस का?"

ती म्हणाली, "पाहिलं."

"मग?"

"उद्या काढते."

त्याच दिवशी दारावरची घंटा तीनदा वाजली. पहिली आली ती एक शिक्षिका, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. दारातूनच तिनं विचारलं, "‘मुकुट’ ना हे? माझ्या आईचा विग तुम्हीच केला होता."

धाकटीच्या ओठांत तीन केस होते. ती म्हणाली, "या, बसा."

तो उद्या सहा आठवडे उगवला नाही. आणि सहा आठवड्यांत ती कुणालाही एकदाही हो म्हणाली नाही, हे मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकलेलं आहे. दारात विचारलं तर "या, बसा." फोनवर विचारलं तर "बोला ना." एकीनं म्हटलं, "पाटी वेगळी दिसली हो बाहेर." तर धाकटी म्हणाली, "पाटी नवीन आहे." शब्द सगळे खरे होते. रंगमंचावर मी जन्मभर खोटं बोलले, पण इतकं खरं बोलून केलेलं खोटं मला जमलं नसतं.

काम मात्र तिनं चोख केलं. सात दिवसांच्या टोपाला दहा दिवस लावले, गाठ आवडली नाही तर स्वतःच उसवली. दुकान तरलं. आणि ती वाळत चालली. ‘मुकुट’च्या गल्लीवरून बाजाराचा जवळचा रस्ता होता, तो तिनं सोडला. पुढे काचेजवळ बसायची, ते टेबल आत ओढून घेतलं. आरशावरचं कापड गिऱ्हाईक गेल्यावर काढायचं असतं, ते आता दिवसभर तसंच राहायला लागलं. मी विचारलं तर म्हणे, "धूळ बसते हो."

मला तिला बोलायला तोंड नव्हतं. थोरलीकडे मी महिन्यातून एकदा चहाला जात असे. तेही बंद केलं. निरोप धाडला की गुडघे दुखतात. माझे गुडघे तुम्हाला सांगते, आजही ठणठणीत आहेत.

मग तो मंगळवार. सकाळचे अकरा. धाकटी परातीत एक लांब वेणी धूत होती, मुळं डावीकडे, टोकं उजवीकडे. फोन वाजला. हात ओले म्हणून तिनं कोपरानं दाबून तो मोठ्या आवाजावर टाकला.

"हॅलो, ‘मुकुट’ ना?" पलीकडे घाईतला बायकी आवाज, मागे कुणाकुणाला हाका मारल्याचा गलका.

हात गुंतले होते म्हणून, की रोज त्या एका शब्दाला वळसा घालून ती थकली होती म्हणून, कोण जाणे. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ती म्हणाली, "हो, ‘मुकुट’च. बोला."



"धाकटे?"

मी धाकटीकडे पाहिलं. वेणी तिच्या हातातून सुटून पाण्यात पसरत होती.

"अगं, तूच की!" थोरली हसली. "मी दुकानाला लावत होते. काल डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं, पट्टी आहे, नंबर कुठला दिसतोय? फोनलाच तोंडानं सांगितलं, ‘मुकुट’ला लाव, तर त्या शहाण्यानं तुला लावला. बहिणीला बसवलंय दुकानात, जागी आहे का घोरतेय ते विचारायचं होतं. उगाच तुझा खोळंबा केला गं."

धाकटी ओले हात तसेच धरून फोनकडे बघत होती.

"आणि तूही बघ, ‘मुकुट’च म्हणालीस! बावीस वर्षांची सवय. जाते होय इतक्यात?"

थोरलीला खरंच तसं वाटलं, की तिनं तसं वाटून घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"दुकानात तरी काय ठेवलंय म्हणा," ती पुढे म्हणाली. "दीड महिना घंटा वाजली नाही. लोक विसरले. डोळा बरा झाला की आवरून टाकीन म्हणते. तुझं बरं चाललंय ना?"

"बरं," धाकटी म्हणाली.

"हं. मग झालं. आवाज ऐकला, बरं वाटलं बघ. ठेवते."

धाकटीनं आधी वेणी पाण्यातून काढली, पंच्यावर सरळ पसरली. मग हात पुसले आणि ती जाहिरात बंद केली. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सहा आठवडे जे उद्यावर ढकललं ते एका मिनिटाचं काम होतं.

मी पुन्हा एकदा भित्रेपणा केला. म्हटलं, "झालं ना आता? बंद केलीस. तिची गिऱ्हाइकं तिच्याकडे जातील. कशाला सांगायचं? चार वर्षांनी बोलली ती तुझ्याशी. कळलं तर पुन्हा जन्मात बोलायची नाही."

"म्हणूनच तर," धाकटी म्हणाली. "त्या मला म्हणाल्या सवय आहे. ते मी तसंच ठेवून घेऊ?"



शुक्रवारी थोरली दुकानात यायला लागल्याचं कळलं. दुपारी आम्ही निघालो, जवळच्या रस्त्यानं. धाकटीच्या हातात एक खोकं होतं. त्यात ‘मुकुट’ विचारत आलेल्या चौदा जणींची नावं आणि नंबर, आणि त्या शिक्षिकेचा टोप. पुढची ओळ तेवढी तिनं इतके आठवडे ओवायची ठेवली होती. ती थोरलीच्या हातची असायला हवी, असं धाकटीचं म्हणणं.

‘मुकुट’ची पायरी तशीच आहे, मधोमध झिजलेली. घंटासुद्धा तीच. आत थोरली काळा चष्मा लावून टेबलाशी बसली होती, एक कोरी जाळी बोटांनी चाचपत. टेबलाच्या पलीकडे धाकटीची खुर्ची होती. चार वर्षांत ती तिथून कुणी हलवलेली दिसली नाही.

घंटा वाजल्याबरोबर थोरलीनं मान आमच्याकडे वळवली. दारात कोण आहे ते तिला दिसत नव्हतं.

"या, बसा," ती म्हणाली.

मी आयुष्यभर रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहिलेली बाई. त्या दिवशी मी पायरीवरच थांबले, आत गेले नाही. धाकटी खुर्चीपर्यंत गेली, खोकं टेबलावर ठेवलं. मी बाहेरून दार ओढून घेतलं. ते लागता लागता तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"बसत नाही, जाऊबाई. आधी उभ्यानं सांगते, मग तुम्ही म्हणालात तर बसते."