वन्संनी लावलेली जोडी

अर्धे मटार सोलून झाले होते, तोच आमच्या वन्सं आल्या आणि परातीपाशी फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "अगं, मागच्या गल्लीतली ती शिवणवाली पोरगी वाचली." मी आधी देवाला हात जोडले, मग पुन्हा शेंग हातात घेतली.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं इस्पितळात मृत्यूच्या नोंदी लिहितात. पिकलं पान गळायचंच, पण वीस-बावीसचं वय लिहिताना त्यांचा हात अडतो. ही पोरं बहुतेक सगळी घर सोडून आलेली, शाळा अर्धवट सुटलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. खाडा झाला तर काम जाईल म्हणून दुखणं अंगावर काढतात आणि साध्या आजाराने जातात. म्हणून दर रविवारी वन्सं त्या गल्लीतल्या खोल्या पालथ्या घालतात. प्रत्येकाला विचारतात, तू आजारी पडलास तर कळेल कोणाला? उत्तर आलं नाही की शेजारच्याशी जोडी लावून देतात. रोज सकाळी एकमेकांना हाक मारायची. हे थट्टेने म्हणतात, ताईने स्वतःचं लग्न केलं नाही, जगाच्या जोड्या मात्र लावते.

एक जोडी सपशेल फसली होती. ही पोरगी आणि शेजारची इस्त्रीवाली मावशी. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सकाळी हाकेऐवजी शेलके शब्द. वन्सं ती जोडी मोडणारच होत्या.

काल मावशीने भिंतीपलीकडून नेहमीचा टोमणा मारला. उत्तर नाही. जरा तिखट मारला, तरी नाही. "माझं ऐकून घेणारी ती नव्हेच," म्हणत तिने खांद्याने दार ढकलून कडी तोडली. पोरगी पोट धरून पडली होती. मावशीने तिला पाठुंगळीला घेऊन थेट इस्पितळ गाठलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. पोरगी दिवसभर तशीच पडून राहिली असती तर वन्संनाच नोंद लिहावी लागली असती.

आज शुद्धीवर येताच पोरीने निरोप दिला म्हणे, "तिला सांगा, मी नाही म्हणून माझी दोरी बळकावू नकोस." बाहेर बाकावर बसलेली मावशी ते ऐकून पदराने डोळे पुसत हसत सुटली.

मी म्हटलं, आता नका मोडू ही जोडी. वन्सं म्हणाल्या, "छे गं, आता भांडखोरच शोधून लावते."

मी चहा टाकते म्हटलं तर थांबल्या नाहीत. पोरीचा शिवणाचा कारखाना सुटायच्या आत मुकादमाच्या हातात तिच्या रजेचा कागद द्यायचा होता.