खोलीत भात ठेवलाय

"घर कुणाचं ते विचारू नका, उत्तर काय मिळालं ते ऐका," असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे. महाडच्या आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत, मी मराठी. आपलंच दुखणं शेजाऱ्याचं असल्यासारखं हसत सांगणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सर तसे होते.

"माझं आडनाव मोठं गुणाचं. ऐकल्याबरोबर रिकामी खोली भरते," ते म्हणायचे. महाडात त्यांना खोली मिळेना. पोलादपूरला बहिणीच्या लहानशा घरात अंग चोरून राहायचे आणि रोज एसटीने यायचे.

त्यांचं संशोधनही याच विषयावर. एमआयडीसीतले दोन कामगार, पगार सारखा, कपडे सारखे, फक्त जात वेगळी. एकाच दारात एकाने सकाळी खोली मागायची, दुसऱ्याने दुपारी. मिळालेली उत्तरं सर गावोगावच्या सभांत वाचून दाखवत. नाव मात्र कुणाचंच घेत नसत.

पोलादपूरच्या सभेत मी पहिल्या रांगेत होतो. सरांनी वाचलं, "सकाळच्याला उत्तर: 'खोली हाय रे, पन भात ठेवलाय तिच्यात.' दुपारच्याला: 'भाताचं काय, उद्या हलवू. बस, चहा घे.'" लोक हसले. मी तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो, आणि मधेच गप्प झालो. महाडजवळच्या नाते गावातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत भाताच्या गोणी होत्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सभा संपल्यावर नेहमीसारखं म्हणाले, "चला, चहा घेऊ."

घरी येऊन आईवर चिडलो. ती शांतपणे तांदूळ निवडत राहिली.

"मी नाय म्हनलं, खरं हाय," ती म्हणाली. "पन तुजे सर कवाधरनं खोली शोधतायत. तू तरी कदी म्हनलास त्यांना, आमची हाय म्हनून?"

गोणी मला रोज दिसत होत्या, सरही रोज दिसत होते. आईची नव्हे, मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी गोणी खाली आणल्या, खोली झाडली आणि सरांना राहायला या म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आणि भात कुठं ठेवलात?"

"माजघरात."

"राहू द्या. मला आता एसटीची सवय झालीय," ते म्हणाले.

वर्ष संपलं तसे ते दुसऱ्या कॉलेजात गेले. वरची खोली झाडलेली, रिकामी आहे. गोणी मी पुन्हा वर नेऊ दिल्या नाहीत. माजघरात जागा उरलेली नाही. जेवताना गोणींनाच पाठ टेकून बसावं लागतं.