भासरे बसले होते

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, धान घरात आल्यावर, माझ्या मोठ्या बहिणीला सासरच्यांनी आमच्याकडे आणून सोडलं. सोबत कपड्यांची पिशवी, गोळ्यांची पुडी आणि शहरातल्या डॉक्टरांचा कागद. तिची चार वर्षांची मुलगी त्यांनी कोंढ्याला, आपल्याच घरी ठेवून घेतली. "बरी झाली म्हून डॉक्टरनं लिहून देल्लं का नेतो," एवढं तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, ओट्यावरूनच सांगून गेले.

मी सानगडीच्या शाळेत शिकवत होते. कागद इंग्रजीत, म्हणून घरात तो वाचणारी मीच. बोलत नाही. नजरेला नजर देत नाही. विचारलेलं समजत नाही. खाली एका मोठ्या मानसिक आजाराचं नाव.

घडलं होतं ते इतकंच: ताईचं दुसरं बाळ पाचव्या दिवशी गेलं आणि ती पंधरा दिवस खाटेवरून उठली नाही. धानाच्या रोवण्याचे दिवस, नवरा चिखलात. म्हणून भासऱ्यांनी तिला शहरात नेलं.

"डॉक्टरनं इचारलं तं बोलली काहून नाही?" मी तिला विचारलं.

"बयताड हायेस का वो तू? भासरे बसले होते नं तिथंच."

बयताड, खुळी, मीच होते. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यापुढे तोंड उघडं ठेवत नाही. अगदीच अडलं तर भिंतीला सांगते आणि त्यांनी ते ऐकायचं. घर पेटलं असतं तरी ताईने त्यांना हाक मारली नसती. त्यांच्याच शेजारी बसवून डॉक्टरांनी तिला बाळाचं, पाळीचं, झोपेचं विचारलं होतं.

मला हायसं वाटलं. चूक सापडली, आता दुरुस्त करायची, वह्या तपासताना करते तशी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. तोवर गोळ्यांनी तिचे हात थरथरत होते, लाळ सारखी पदराने पुसावी लागे. नीट तपासून पाहा, मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा ज्यांनी आणलं त्यांना घेऊन या. सुरुवातीपासूनचं तेच सांगतील."

पुढच्या खेपेला भासरे हातातलं काम टाकून आले. माणूस वाईट नव्हता. "बाई, मी खोटं नाही सांगतलं," मला म्हणाले, "जे दिसलं तेच सांगतलं."

ते येण्याआधी ताई दवाखान्याच्या बाकावर बसून मुलीचं बोलत होती. पोरीच्या केसांत उवा झाल्या असतील, तिकडे कोण विंचरून देतं. ते दारात दिसताच तिने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आतही तसंच. "बघा तुम्हीच," डॉक्टर म्हणाले.

मी रीत समजावून सांगितली. डॉक्टरांनी ऐकलं, भासऱ्यांना बाहेर पाठवलं. "आता बोला. मुलीचं नाव काय?"

ताई गप्प. दाराच्या पडद्याखाली भासऱ्यांच्या वहाणा दिसत होत्या, आणि वहाणांत पाय. मी उठले, त्यांना लांबच्या बाकावर बसवून आले. परत आले तेव्हा डॉक्टर लिहीत होते.

"रीत मान्य," ते म्हणाले. "पण ही थरथर, ही लाळ, तीही रीतच का?"

"ती तुमच्या गोळ्यांनी."

"मास्तरीणबाई, तुम्ही शाळा सांभाळा." सकाळी एक गोळी होती, आता संध्याकाळचीही एक झाली. सहा महिने नेमाने द्या, मग पुन्हा पाहू.

भासरे आधीच्या गाडीने गेले. स्टँडवर ताईने पदर मागे सारला.

"त्याइले पाणी तरी इचारलं का तू? सकायपासून उन्हातान्हात आले होते."

"नाही."

"कशी हायेस वो!"

मी नळावरून गडूभर पाणी आणलं. गोळ्या दिल्या नाहीत तर सहा महिन्यांनी कोणी तपासणार नव्हतं, आणि तपासल्याशिवाय मुलगी मिळणार नव्हती. तिचा हात गडूला स्थिर लागेना. मी तिची हनुवटी धरली आणि संध्याकाळची गोळी तिच्या जिभेवर ठेवली.