भुरीची लाल खूण

आधीच सांगतो — भूत, करणी, संकेत, यातलं मला काहीही पटत नाही. पन्नाशीला आलो, पण कपाळाला कधी अंगारा लावला नाही. मांजर आडवं गेलं की मी मुद्दाम पुढं जातो... आणि मग ठेचकाळतो, ते सोडा.

मी वाटूरला राहतो, फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर. काम घरूनच. जोडीला एक फुकटचा उद्योग — ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, सुधारावं असं सॉफ्टवेअर. कम्प्युटरच्या पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही पाच-सहा जण मिळून सांभाळतो. सुरुवात केली ती धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव सुशी, तिला जन्मापासून दिसत नाही. कुंभार पिंपळगावला तिचं सासर.

कुणी या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की क्लाऊडवरचे आमचे सर्व्हर तो आपोआप तपासतात. पास झाला तर हिरवी खूण, नापास तर लाल. एक जरी लाल आली तरी नवी आवृत्ती सोडायचं बटण बंद. सर्व्हर होते पाच, आणि त्यांना मी आण्णांच्या मेंढ्यांची नावं दिली होती. आण्णा म्हणजे माझे चुलते. जन्मभर मेंढरं राखली, आता आमच्याकडंच असतात. यातली भुरी जुन्या कम्प्युटरांसाठीची. बाकीच्या आठ मिनिटांत उरकायच्या, ही सत्तेचाळीस मिनिटं घ्यायची. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी तिला काढून टाकलं. मशीन पुसून कोरी केली, आमच्या यादीत खूण पाठवायची तिची किल्ली रद्द केली. स्वतःच्या हातानं.

त्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी नवी आवृत्ती तपासायला टाकली. दुसऱ्या दिवशी सुशीची जालन्यात परीक्षा होती. आमचंच सॉफ्टवेअर कानात ऐकत पेपर टाईप करायचा. पास झाली तर नोकरी कायम. जोडाक्षरांवर अडखळणारा आवाज आम्ही नीट केला होता. म्हटलं, बहिणीला नवा आवाज देऊ. आज सोडलं की संध्याकाळपर्यंत सगळीकडं आपोआप पोचतं.

चार हिरव्या खुणा आल्या. आण्णा पाठीमागं येऊन उभे.

"सगळ्या आल्या का रं?"

"चारी आल्या, आण्णा."

"अन् भुरी?"

"काढली तिला. लई हळू होती."

"इचारलं का कोणाला? म्हातारी मेंढी मागं राहती म्हणून वाघर लावून घेत न्हाईत कधी. ती आली की मंग लावायची."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी हसलो. "आण्णा, ही मेंढी नाही, सर्व्हर आहे."

"मंग नाव कामून दिलं?"

मी उठून जेवायला गेलो. परत आलो, बटणाकडं हात नेला... तर बटण बंद. यादीत पाचवी ओळ. भुरी — लाल. वेळ एक वाजून सत्तावन्न. बरोबर सत्तेचाळीस मिनिटं.

ओळीवर क्लिक केलं तर कोरं पान. नागपूरच्या प्रफुल्लला फोन लावला, तोही आमच्यातलाच. तो म्हणाला, "जुनं काहीतरी अडकलं असेल हो. तुम्हाला अधिकार आहेत, लाल डावलून सोडा."

सोडणारच होतो. खोटं कशाला बोलू? पण आण्णा पुन्हा पाठीमागं येऊन उभे होते, आणि माणसाला चुलत्यासमोर खोटं पडायला आवडत नाही. जुन्यावरही सगळं नीट चालतं हे त्यांना दाखवावं म्हणून माळ्यावरचा जुना कम्प्युटर काढला, धूळ झटकली, नवी आवृत्ती टाकली.

मुका. एक अक्षर बोलेना.

सुशीला फोन केला. "परीक्षेच्या सेंटरवर कम्प्युटर कसलेत गं?"

"जुनाट. आधी जाऊन आल्ते ना मी. पंखा ट्रॅक्टरसारखा वाजतो. का रे?"

सगळं सांगितलं. सुशी म्हणाली, "दादा, भूतबीत नंतर. जुनी मशीन बंद करताना मला एकदा विचारलं का न्हाईस? आमच्या वाट्याला जुन्याच मशिनी येतात, ठाव न्हाई तुला?"

त्या दिवशी काहीच सोडलं नाही. सुशीनं अडखळत्या जुन्या आवाजावरच पेपर दिला... आणि पास झाली.

आता स्पष्टीकरण. प्रफुल्लनं नोंदी धुंडाळल्या. ती खूण पाठवणारी मशीन त्याला सापडली नाही. बायको म्हणाली, लिंबू-मिरची बांधा. कुठं बांधू, ढगाला? आण्णा नारळ फोडा म्हणाले. तोही फोडला नाही. मी अजून काहीच मानत नाही. पण 'काहीतरी अडकलं असेल' हेही मानणार नाही. सत्तेचाळीस मिनिटं मोजून अडकणारं काय असतं, ते आधी दाखवा.

भुरी नव्यानं उभी केली आहे, जुन्याच मापाची, तितकीच हळू. प्रफुल्ल कुरकुरतो, चार हिरव्या आल्या की सोडा म्हणतो. नाही सोडत. हसायचं त्यांनी हसावं. ती येईपर्यंत आमची वाघर उघडी राहील.