पीएचडी कुणाकडे?

परिसंवादातली चहाची सुट्टी मला भाषणांपेक्षा जास्त थकवते. आजही कागदी कप हातात धरून एक मुलगी मोठ्या सरांभोवतीच्या घोळक्याबाहेर उभी होती. सर हसले की तीही हसायची, विनोद तिच्यापर्यंत पोचलेला नसताना. आम्ही समाजशास्त्रवाले, अनोळखी माणसांत मिसळणं हेच आमचं काम. ही मुलगी बाजारात भाजीवालीशेजारी फतकल मारून बसत असेल, तिची सुखदुःखं ऐकत असेल. इथे मात्र तिला चार पाठींमधून वाट मिळत नव्हती.

मीही तशीच उभी होते. पीएचडी झाली, कायमची नोकरी नाही. ओळखी वाढव, असं सगळे सांगतात. पण इथे जो भेटतो तो आधी विचारतो, “पीएचडी कुणाकडे?” गाइडचं नाव ऐकून थांबायचं की सटकायचं ते ठरवतो. विषय कुणी विचारत नाही. सकाळपासून तो प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होता.

न राहवून मी तिच्याजवळ गेले. “कशावर काम करतेयस?” मी विचारलं.

ती दचकली, कप सावरला आणि घाईघाईने तिने मला आपल्या गाइडचं नाव सांगितलं.