डेरेक यांचा कॅच

ईशान, मीरा, डेरेक आजोबा गेल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हाच विचारलात : "मग आजी, तो बॉल जमिनीला लागला होता की नाही?" त्याला आता महिना होईल. हे उत्तर माहीत असलेली मी एकटीच उरले आहे आणि ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही साउथहॅम्प्टनच्या या घरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या डेरेकनी क्रिकेट सोडून बरीच वर्षं झाली होती. इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघाकडून ते काही सीझन खेळले, पण इंग्लंडच्या संघात कधी निवडले गेले नाहीत. तरीही भारताविरुद्धच्या एका कसोटीत त्यांच्या हातून एक कॅच झाला. इंग्लंडचा कोणी जखमी झाला म्हणून ते बदली खेळाडू म्हणून उतरले आणि आपला चांगला जम बसलेला फलंदाज त्यांनी गवतालगत झेपावून टिपला. त्या काळी स्कोअरकार्डावर बदली खेळाडूचं नाव नसे, नुसतं 'सब' लिहीत.

तुमचे आजोबा त्या दिवशी स्टँडमध्ये होते. कुंपणावरच्या पहिल्याच गप्पांत हे उघड झालं आणि ते ओरडलेच, "म्हणजे तो चोर तुम्ही! बॉल गवताला लागला होता. मी स्वतः बघितलं."

"कुठून?"

"स्टँडमधून."

"मग तुम्हीच अंपायर व्हायला हवं होतं," डेरेक म्हणाले आणि नुसते हसले.

तेव्हापासून दर शनिवारी हा खटला चालायचा. चहाचा कप पलीकडे देता यावा म्हणून आजोबांनी कुंपणाची एक फळी काढून टाकली. एकदा बॉल कुठे टेकला ते दाखवायला हातात संत्रं घेऊन लॉनवर आडवे झाले आणि त्यांची पाठ धरली. "अहो, उठा आता, लोक बघताहेत," असं मी खिडकीतून म्हणत होते आणि डेरेक त्यांना हात देत विचारत होते, "आउट की नॉट आउट?" मला मात्र कायम कुतूहल वाटायचं... हा माणूस एकदाचं हो किंवा नाही का म्हणत नाही?

आजोबा गेल्यावरही डेरेक शनिवारी यायचे. या वसंतात ते थकले होते, कप दोन्ही हातांनी धरत होते. मी म्हटलं, "डेरेक, आता तरी सांगा."

त्यांनी कप खाली ठेवून आपली वाकडी बोटं पसरली. "बोटांना बॉल लागला, गवतही लागलं. फलंदाजानं माझ्याकडे पाहिलं, मी होकारार्थी मान हलवली आणि माझ्या शब्दावर तो निघून गेला... तुझा नवरा स्टँडमध्ये होता, बॉल माझ्या हातात होता, आणि माझ्यापेक्षा त्यालाच जास्त खात्री होती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही?"

"नाही. त्या शब्दाबद्दल रोज विचार करतो."

"मग यांना तसं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तो शनिवारी कशाला आला असता?"

तेव्हा मुलांनो, उत्तर एवढंच आहे. शेजारच्या घरात आता दुसरं कुटुंब येणार आहे. परवा त्यांनी विचारलं, कुंपण दुरुस्त करून घेऊ का? मी नको म्हटलं. फळीची जागा अजून रिकामी आहे.