पासलीची साइट हिरवी

मार्गासनीचा बुद्धभूषण ठेकेदार झाला तो पायांच्या जोरावर. तो आणि गेनू गवंडी एकाच घमेल्यात माल कालवत मोठे झाले. पुढे बुद्धभूषणने कामं घ्यायला सुरुवात केली, गेनू करणी घेऊन त्याच्यासोबतच राहिला. नव्या स्लॅबखालचे टेकू काढायचे असले, की बुद्धभूषण स्वतः जायचा. वर चढायचा, हात फिरवायचा, खालून हातोडी मारून कान द्यायचा आणि मगच 'काढा' म्हणायचा. हा नेम त्याने कधी मोडला नव्हता.

मग कामं वाढली. भोरला, वेल्ह्याला, आणि पार वर पासलीला सोजराबाईंचं नवं घर. फिरून फिरून कंबर गेली. कुणीतरी 'आता तुमी नका येऊ' म्हणावं, याचीच तो वाट बघत होता म्हणा ना. ते म्हणायला, साइटवरचं काम ऑफिसात बसून दाखवणारं सॉफ्टवेअर विकणारे आले.

कापूरहोळच्या ऑफिसात दोघांनी आपापला माल दाखवला. एकाचं दिसायला अगदीच भिकार. रेंज नसली तरी फोनात साठवायचं, रेंज आल्यावर पाठवायचं, आणि प्रत्येक कामाचा जागेवर काढलेला फोटो मागायचं. दुसऱ्याचं मात्र नवरीसारखं नटलेलं. मुकादमाने फोनवर टिक केली की ऑफिसच्या पडद्यावर साइट लगेच हिरवी, आणि रोज दुपारी अहवाल आपोआप मालकाच्या फोनात.

बायको छाया ऑफिसचं सगळं बघायची. तिने विचारलं, "अवो, पासलीला रेंज कुठं हाय?"

"तिथला मुकादम धनाजी बघंल की त्याचं तो," बुद्धभूषण हसत म्हणाला. हे हसणं त्याला फार महागात पडणार होतं. त्याने नटलेलं घेतलं.

पासलीचा स्लॅब टाकला. नव्या स्लॅबला रोज पाणी मिळालं नाही, तर तो कच्चाच राहतो. रोज सकाळी 'पाणी मारलं' हे हिरवं व्हायचं आणि बुद्धभूषण चहा पिता पिता सुखावायचा. तिकडे जाणं बंदच झालं. भोरच्या साइटला टेकू कमी पडले, तेव्हा त्याने ऑफिसातूनच पासलीचे काढायला सांगितले. सगळं हिरवं म्हटल्यावर बघायचं काय?

ज्या सकाळी टेकू निघायचे होते, त्या सकाळी तो मार्गासनीत दुसऱ्या कामावर आला होता. चहाच्या टपरीवर मुकादम धनाजी फोनवर टिका मारत बसलेला.

"धनाजी, तू हितं कसा? अन् टिका कसल्या मारतोस?"

"वर रेंज न्हाई ना शेठ. म्हणून जाता जाता दिवसभराचं हितंच भरून टाकतो. रोजचंच हाय."

बुद्धभूषण त्याच्या फोनात डोकावला. "आन् पाणी मारल्याचं?"

"तेबी हितंच. पण पानी कुठलं शेठ, स्लॅब टाकला अन् मोटार जळाली. आज येईल, उद्या येईल म्हणत ऱ्हायलं."

"टेकू?"

"गेनूमामा फुडं गेलाय मानसं घिऊन. काडायला लागला आसंल."

बुद्धभूषणने गाडी काढली ती थेट पासलीकडे. फोन लावत राहिला, आणि दरवेळी गेनू संपर्कक्षेत्राच्या बाहेर. वेल्हं मागे पडलं, तसा त्याचा स्वतःचा फोनही गप झाला. वाटेत माणसं नेहमीसारखी हात करत होती आणि त्याला त्यांचा राग येत होता.

पासलीत शिरला तेव्हा घराच्या जागी धुरळा होता. सोजराबाई ऊर बडवत होत्या. माणसं हातांनी काँक्रीटचे तुकडे ओढत होती.

"गेनू कुठंय?"

एकाने ढिगाऱ्याकडे बोट केलं. आतून कण्हणं ऐकू आलं. गेनू जिवंत होता.

बुद्धभूषण ढिगाऱ्यात उतरणार, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अँबुलन्स बोलवा, फोन लागत न्हाई हितनं!" गाडी त्याच्या एकट्याकडेच होती. जिगरी दोस्ताचं कण्हणं मागे टाकून, लहान मुलासारखा रडत तो रेंज शोधायला उलटा फिरला.

बऱ्याच खाली एका वळणावर फोन जिवंत झाला. त्याने नंबर लावायच्या आधीच दुपारचा अहवाल आपोआप येऊन पडला : 'पासली. टेकू काढले. स्लॅब तपासला. आज कोणालाही इजा नाही.'